हॅलोविनला ‘नाही’ म्हणताना: ख्रिस्ती घरातली ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या दुकानांत सांगाडे, कोळ्यांची जाळी आणि नारिंगी बादल्या लागतात. शाळेतून चिठ्ठी येते, बसमधली मुलं एकमेकांना ‘तू कोण होणार?’ असं विचारू लागतात, आणि एखाद्या रात्री जेवताना आपलं मूलही तो विषय काढतं. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर मिळतं: ‘आपण ते करत नाही.’ आपल्याला वाटतं, विषय मिटला. मुलाच्या मनात तो मिटलेला नसतो, कारण ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, वेश केलेली मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात, सगळी वस्ती रस्त्यावर असते आणि ते पडद्याआडून बघत असतं.

मी संडे स्कूलमध्ये शिकवते. ऑक्टोबरमध्ये पालक सगळ्यात जास्त विचारतात ते हेच. माझं मत स्पष्ट आहे. मुलाकडून एक गोष्ट काढून घ्यायची असेल तर त्याच संध्याकाळी त्याच्या हातात दुसरी, तितकीच आनंदाची आणि जास्त खरी गोष्ट ठेवायला हवी. दिवे मालवून बसण्याने ते साधत नाही, आणि हॅलोविनचा सगळा थाट जसाच्या तसा उचलून त्याला बायबलचं नाव दिल्यानेही साधत नाही. ३१ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २ नोव्हेंबर या तीन दिवसांसाठी ख्रिस्ती परंपरेत मुळातच भरपूर साठा आहे. तोच बाहेर काढायचा. तयारी कशी करायची ते क्रमाने सांगते.

पायरी पहिली: आधी नवरा-बायकोने ठरवा

हे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच करा. शेवटच्या आठवड्यापर्यंत मुलाला दोन वाढदिवसांची आणि एका पार्टीची आमंत्रणं आलेली असतात, आणि मग घाईत एकजण हो म्हणतो, दुसरा नाही. मुलांसमोर असं झालं की पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

ठरवण्याआधी इतिहास नीट माहीत करून घ्या. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये उन्हाळा सरून हिवाळा लागताना साविन नावाचा जुना केल्टिक सण असे. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये संत पेत्राच्या बॅसिलिकात सर्व संतांच्या नावाने एक प्रार्थनास्थळ वाहिलं, आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण पश्चिम युरोपात पसरला. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ३१ ऑक्टोबर. गावोगावी जुन्या रूढी आणि चर्चचा सण एकमेकांत मिसळत गेले. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर तिथली माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत आली आणि या चालीही आल्या. तिकडे सलगम कोरून दिवा लावायचे, इथे लाल भोपळा मुबलक होता. दारोदार फिरून खाऊ मागण्याचा आजचा प्रकार तर विसाव्या शतकातला आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो देशभर रुजला.

हे सांगण्याचं कारण असं की आपल्याकडे ‘तो सैतानाचा वाढदिवस असतो’ असं मुलांना सांगून टाकतात. हे खरं नाही. दहा वर्षांचं मूल ते फोनवर दोन मिनिटांत तपासतं आणि मग आईवडिलांनी देवाबद्दल सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही शंका घेऊ लागतं. खोट्या आधारावर चांगला नकार उभा करू नका. खरा आधार भरपूर आहे.

तो आधार कोणता? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुन आणि मृतांना विचारणं यांना स्पष्ट मनाई आहे. म्हणून आत्मे बोलावण्याचे बोर्ड, भविष्य सांगणारे पत्ते असले खेळ आमच्या घरात गंमत म्हणूनही चालत नाहीत. इथे मी अजिबात सैल पडत नाही. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय जे सत्य, शुद्ध आणि प्रशंसनीय आहे त्यावर मन लावायला सांगतो. रक्ताळलेले मुखवटे आणि तुटलेले हात त्यात बसत नाहीत, हे लहान मुलालाही कळतं. पण मधमाशीचे पंख लावलेली तीन वर्षांची मुलगी? त्यात पाप आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडेही शाळेच्या गॅदरिंगमध्ये फॅन्सी ड्रेस असतोच की.

या मधल्या भागात विश्वासू कुटुंबं वेगवेगळे निर्णय घेतात. काही अजिबात भाग घेत नाहीत, काही फक्त दारात बसून खाऊ वाटतात, काही साध्या कपड्यांत चार ओळखीच्या घरी जाऊन येतात. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय अशाच वादांसाठी आहे: ज्याने त्याने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी आणि भावाला दोषी ठरवू नये. तुमचा निर्णय काहीही असो, तो दोन ओळींत कागदावर लिहा. कपडे कोणते चालतील, बाहेर जायचं की नाही, शाळेत काय, मित्राच्या घरच्या पार्टीचं काय, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरं त्यात हवीत. मग भारतातल्या आजी-आजोबांनाही व्हिडिओ कॉलवर सांगून ठेवा, म्हणजे ‘जाऊ दे गं एक दिवस’ आणि ‘अजिबात नको’ असे दोन निरोप नातवंडांपर्यंत पोहोचणार नाहीत.

पायरी दुसरी: मुलांशी बोला, वयाप्रमाणे

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला कारणं नको असतात, त्याला काय होणार आहे ते हवं असतं. ‘त्या दिवशी आपण कंदील करणार, घारगे तळणार आणि दारात येणाऱ्या मुलांना खाऊ देणार.’ बस्स. या वयात खरा प्रश्न भीतीचा असतो. शेजारच्या अंगणातला मोटारीवर हलणारा सांगाडा बघून मूल रात्री उठतं. त्याला उजेडात तिथे घेऊन जा. शेजाऱ्यांना विचारून जवळून दाखवा: हे प्लास्टिक, ही वायर, ही बॅटरी. मग घरी येऊन यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातली गोष्ट सांगा. खोऱ्यात पसरलेली सुकी हाडं, देवाचा शब्द झाल्यावर खडखड करत एकमेकांना जुळणारी, मग त्यांवर स्नायू, मांस, कातडी, आणि शेवटी श्वास. हाडांची गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रातही आहे आणि ती जिवंत होण्याची आहे. माझ्या वर्गातली मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात, आणि खडखड हा आवाज सगळ्यांना स्वतः काढायचा असतो.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला ‘का?’ हवं असतं. त्याला थोडक्यात खरं सांगा: बऱ्याच लोकांसाठी ही गंमत आहे. आपण येशूचे आहोत, आपल्याला मरणाची आणि अंधाराची भीती खेळायला घ्यायची नाही, म्हणून आपण ती संध्याकाळ वेगळ्या प्रकारे घालवतो. सोबत एक सूचना जरूर द्या, ‘शाळेत जाऊन मित्रांना तुम्ही वाईट करताय असं सांगायचं नाही.’ सात वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर उपदेशकाचं ओझं टाकणं मला मान्य नाही. त्याने विचारल्यावर म्हणायचं, ‘आमच्याकडे त्या दिवशी वेगळं असतं, तू पण ये.’ आमंत्रण देता येणं ही त्याच्यासाठी मोठी सोय आहे.

दहाच्या पुढच्या मुलांना निर्णयात घ्या. कागदावर लिहिलेल्या दोन ओळी त्यांना दाखवा, वचनं एकत्र वाचा आणि त्यांचं म्हणणं ऐका. त्यांनी काढलेला मुद्दा बरोबर असेल तर बदल करा.

पायरी तिसरी: शाळेत आधीच कळवा

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वर्गशिक्षिकेला ईमेल करा. कार्यक्रम कोणत्या दिवशी, किती वाजता आणि त्यात काय असतं ते विचारा. बऱ्याच शाळांत आता भुताखेतांऐवजी शरद ऋतूची पार्टी किंवा पुस्तकातल्या पात्रांची वेशभूषा असते, आणि त्यात अडचण येण्यासारखं काही नसतं. भितीदायक मिरवणूक असेल तर त्या अर्ध्या तासात मुलाला ग्रंथालयात बसवता येईल का असं विचारा, कारण एका वाक्यात द्या, आणि सोबत ‘मी काय आणू?’ हेही विचारा. संत्र्याची साल काढून वर सेलरीचा छोटा तुकडा खोचला की हुबेहूब भोपळा दिसतो. पंचवीस मुलांसाठी ते पंधरा मिनिटांत होतं आणि त्याने कोणाच्या दातांना त्रास नाही. मुलाला न विचारता त्या दिवशी घरी ठेवणं मात्र टाळा. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग त्याला ‘काल का नव्हतास?’ असं विचारतो, आणि उत्तर त्याला एकट्याला द्यावं लागतं.

पायरी चौथी: संध्याकाळचा गाभा, आपल्या साक्षीदारांची ओळख

सर्व संतांच्या सणाची ही आदली संध्याकाळ आहे, तर संतांचीच ओळख करून द्या. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत मुलं त्या सुमारास संतांचे वेश घालतात. प्रॉटेस्टंट घरांत ‘संत’ या शब्दापाशी अडायला होत असेल तर विश्वासाचे साक्षीदार म्हणा. इब्रीकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात साक्षीदारांचा मेघ म्हटलंच आहे.

इथे मराठी घरांना मोठी संधी आहे, आणि ती आपण वाया घालवतो. आपली मुलं फ्रान्सिस आणि पॅट्रिक ओळखतात. आपल्या मातीतली माणसं त्यांना कोणी दाखवलेली नसतात. पुढचे पाच वेश घरच्या कपाटातून होतात:

पंडिता रमाबाई. पांढरी साडी किंवा आईची पांढरी ओढणी, हातात दोन जाड पुस्तकं. १८५८ चा जन्म, लहानपणीच संस्कृतात पारंगत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुली आणि विधवांना आसरा दिला, आणि बायबलचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी भाषांतर १९२२ च्या मृत्यूआधी पूर्ण केलं. अमेरिकेतल्या मुलांना एक गोष्ट हमखास सांगा: १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा त्या समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात हजर होत्या. न्यू जर्सीतल्या मुलांना तर ते गाव घराजवळचं. ‘त्या इथे आल्या होत्या?’ हा प्रश्न आला की पुढची गोष्ट ती आपण होऊन ऐकतात.

संत गोन्सालो गार्सिया. तपकिरी शाल आणि कमरेला दोरी. वसईत जन्मलेले, व्यापारासाठी जपानपर्यंत गेलेले, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झालेले. जपानी चांगली येत असल्याने ते दुभाषाचं काम करत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर त्यांनी विश्वासासाठी प्राण दिले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं. लहानांना एवढंच पुरे, मरणाचे तपशील नकोत.

संत जोसेफ वाझ. मुलांचे सगळ्यात आवडते, कारण यात खरंखुरं वेशांतर आहे. १६५१ मध्ये गोव्यात बाणावलीला जन्मलेले हे पाद्री डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत हमालाच्या वेशात शिरले. तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी होती. अंगावर फाटका सदरा, डोक्यावर गाठोडं, आत लपवलेला क्रूस. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

विल्यम कॅरी. हातात जुना बूट आणि कागदाची सुरळी. इंग्लंडमधला हा चांभार १७९३ मध्ये भारतात आला, बंगालमधल्या श्रीरामपूरला छापखाना चालवला, आणि १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापलं. झाडांचंही त्याला वेड होतं, म्हणून बुटाऐवजी कुंडी दिली तरी चालते.

नारायण वामन टिळक. उपरणं, वही आणि टाळ. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग-ओवीच्या चालीत येशूची गाणी लिहिली, आणि ती आजही आपल्या उपासनांत गातात. ज्या मुलाला टाळ मिळतो तो त्या संध्याकाळी खूश असतो.

खेळ असा घ्या. एका कापडी पिशवीत पुस्तक, दोरी, गाठोडं, बूट आणि टाळ टाका. डोळे बांधलेल्या मुलाने एक वस्तू काढायची, चाचपून ओळखायची, आणि ती ज्याची आहे त्या वेशातल्या मुलाने उभं राहून आपली गोष्ट तीन वाक्यांत सांगायची. ती तीन वाक्यं आदल्या दिवशी मुलाकडून मराठीत पाठ करून घ्या. इथे वाढणाऱ्या मुलांना मराठी बोलायला कारण लागतं, आणि हे चांगलं कारण आहे. जमलेल्यांत चार वर्षांखालची मुलं असतील तर खेळ वीस मिनिटांत आवरा.

प्रॉटेस्टंट घरांत याच दिवशी धर्मसुधारणेची आठवणही करता येते. ३१ ऑक्टोबर १५१७ ही जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या ९५ मुद्द्यांची तारीख; ते त्याने चर्चच्या दारावर ठोकले असं सांगतात. मुलांना थर्माकोलच्या पाटीवर छोट्या हातोडीने कागद ठोकायला द्या, आणि त्यावर ‘देवाच्या कृपेबद्दल मला काय वाटतं’ हे लिहायला सांगा. मात्र आपल्यातल्या कितीतरी घरांत आई कॅथलिक आणि वडील प्रॉटेस्टंट, किंवा उलट, असतात. दुसऱ्या मंडळीची टिंगल होईल असं एकही वाक्य मुलांच्या कानावर पडू देऊ नका.

पायरी पाचवी: भोपळा, कंदील आणि घारगे

भोपळा कोरायला मनाई करावी असं मला वाटत नाही. तो परसातला भोपळा आहे. चेहऱ्याऐवजी क्रूस, मासा, तारा किंवा मुलाने काढलेला सूर्य कोरा. वरचं झाकण कापण्याऐवजी तळ कापा: आतला गर खरवडणं सोपं जातं आणि दिव्यावर भोपळा नुसता ठेवता येतो. चाकू मोठ्यांनी चालवावा, मुलांना चमचा आणि मार्कर द्यावा. कोरलेला भोपळा तीन-चार दिवसांत बुरसटतो, म्हणून २९ किंवा ३० तारखेला कोरा. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा, कारण त्या रात्री दारात लांब झगे घातलेली मुलं वाकून बघतात.

बिया धुऊन, पूर्ण सुकवून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजा. कोरायच्या भोपळ्याचा गर मात्र पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो. घारग्यांसाठी दुकानात ‘पाय पम्पकिन’ म्हणून मिळतो तो छोटा, गोड भोपळा किंवा काबोचा हा जपानी भोपळा आणा.

किसलेला भोपळा घट्ट दाबून दोन वाट्या आणि चिरलेला गूळ एक वाटी जाड बुडाच्या कढईत घ्या. पाणी अजिबात घालू नका. मंद आचेवर किस मऊ होऊन पाणी आटेपर्यंत परता. इथला भोपळा जास्त पाणी सोडतो, त्यामुळे घाई केली तर पीठ प्रमाणाबाहेर जातं आणि घारगे चिवट होतात. मिश्रण कोमट झालं की चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे रवा आणि एक चमचा गरम तेल घाला. मग मावेल तेवढीच कणीक घालत मळा, साधारण दोन ते अडीच वाट्या. अर्धा तास झाकून ठेवा. प्लास्टिकच्या कागदावर तेलाचा हात लावून पुरीपेक्षा जाडसर थापा, वर खसखस दाबा, आणि मध्यम आचेवर तांबूस तळा. थापण्याचं काम मुलांचं. वेडेवाकडे झाले तरी फुगतात.

अंधार पडला की घरातले सगळे दिवे पाच मिनिटं बंद करा. सगळ्यात लहान मुलाच्या हातात त्याने केलेला कागदी कंदील द्या आणि त्याला एकेका खोलीत पुढे चालू द्या. योहानाच्या पहिल्या अध्यायातलं पाचवं वचन वाचा, अंधारात प्रकाशणाऱ्या आणि अंधाराला न जुमानणाऱ्या प्रकाशाचं. जर्मनीत राहणाऱ्या मराठी घरांना तर आयती सोय आहे: तिथे ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी मुलं कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. ज्यांच्या मुलांना अंधारात बाहेर फिरण्याचीच हौस आहे त्यांनी दुसऱ्या देशातही तो दिवस उचलावा.

पायरी सहावी: दार उघडा

हे या लेखातलं मला सगळ्यात जवळचं. अमेरिकेत शेजारी वर्षभर गाडीच्या काचेतून हात हलवतात. ३१ ऑक्टोबर ही एकच संध्याकाळ अशी असते की पन्नास घरांतली मुलं आणि आईबाप आपण होऊन आपल्या दारात येतात. त्या दिवशी पोर्चचा दिवा बंद ठेवणं म्हणजे ‘आमच्याकडे येऊ नका’ असं सांगणं. पाहुणचाराची आज्ञा असलेल्या माणसांनी तो निरोप द्यावा हे मला पटत नाही.

साधारण सहा ते आठ ही वेळ धरा. घरातलं जेवण साडेपाचला उरका. दारात किंवा ड्राइव्ह-वेवर टेबल मांडा, खुर्च्या ठेवा, मोठ्यांसाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि कागदी पेले. थंडीत मुलांमागे फिरणाऱ्या आईबापांना चहा विचारला की ते थांबतात, नाव सांगतात, कुठे राहतात ते सांगतात. डिसेंबरमध्ये नाताळच्या फराळाचं ताट घेऊन जायला तेवढी ओळख पुरते.

मुलांना यजमान करा. एकाने खाऊ द्यायचा, एकाने ‘तू कोण झालायस?’ विचारायचं, एकाने चहाचे पेले बघायचे. ज्याला काम आहे त्याला आपण काही गमावतोय असं वाटत नाही.

खाऊ फक्त बंद वेष्टनातला ठेवा. अनोळखी घरचं हाताने केलेलं इथले पालक मुलांना खाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घारगे आपल्या पाहुण्यांसाठी. शेंगदाणे, काजू, बदाम असलेलं काही नको, किंवा असेल तर वेगळ्या भांड्यात. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी स्टिकर, पेन्सिली, चेंडू असं न खाण्याचं काही ठेवा आणि दारात एक निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा मांडा. तो रंग बघून त्यांच्या आईवडिलांना न विचारता कळतं.

सुवार्तेची पत्रिका द्यावी का? द्या, पण चॉकलेटच्या बदल्यात नव्हे. हाताला फक्त कागद लागलेलं मूल तो वाचत नाही, आणि त्या घराबद्दल त्याचं मत कायमचं बनतं. चांगलं मोठं चॉकलेट, सोबत मुलाने रंगवलेली एका वचनाची चिठ्ठी आणि नाताळच्या उपासनेची वेळ, इतकं पुरे.

मंडळीत करायचं असेल तर

बऱ्याच चर्चमध्ये ‘ट्रंक-ऑर-ट्रीट’ होतं: पार्किंगमध्ये गाड्या उलट्या लावून डिक्की सजवायच्या आणि मुलांनी गाडीगाडीपाशी जायचं. नोहाचं तारू, योनाचा मासा, यरीहोची पुठ्ठ्याची भिंत असे देखावे चांगले होतात. आपलीच मुलं आपल्याच गाड्यांपाशी फिरणार असतील तर त्यात फारसा अर्थ नाही. आसपासच्या वस्तीला बोलावणार असाल तरच करा. मुलं आल्यावर एकही गाडी हलणार नाही, उघडी ज्योत नसेल, आणि कोणत्याही मुलाबरोबर एकटा एक मोठा माणूस राहणार नाही, हे तीन नियम पाळकांकडून आधी जाहीर करून घ्या.

काही ठिकाणी नरकाचे देखावे दाखवून मुलांना घाबरवण्याचा प्रकार चालतो. तो आपल्या मुलांपासून दूर ठेवा. भीतीने डोळे मिटून केलेली प्रार्थना भीती गेल्यावर उरत नाही.

मला स्वतःला कापणीचा सण सगळ्यात आवडतो. आपल्याकडे तो जिवंत आहे: वसई-मुंबईकडचे ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणारे मराठी कॅथलिक लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करून भाताची पहिली कणसं वेदीपाशी नेतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत अर्पणातले नारळ, भाज्या, कोंबड्या यांचा उपासनेनंतर लिलाव होतो. तो लिलाव जसाच्या तसा इथे घ्या. प्रत्येक घराने एक भाजी किंवा डब्बा आणायचा, मुलांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून बोली लावायची, जमलेली रक्कम आणि उरलेलं धान्य गावातल्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या केंद्राला. पाच डॉलरच्या भोपळ्यावर दोन मुलं बारापर्यंत चढतात तेव्हा कोणालाही चॉकलेटची आठवण राहत नाही.

पायरी सातवी: पुढचे दोन दिवस सोडू नका

१ नोव्हेंबरला मिस्सा किंवा घरची प्रार्थना. २ नोव्हेंबर हा मृतांच्या आठवणीचा दिवस. वसईत, मुंबईत, गोव्यात त्या दिवशी कुटुंबं कबरस्थानात जातात, कबर धुतात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि फादर कबरींना आशीर्वाद देतात. मरणाला प्लास्टिकच्या सांगाड्यात बघणाऱ्या मुलांना ते खऱ्या नावांसह बघता येणं फार मोलाचं आहे. ज्याच्या आजोबांचं नाव तिथे दगडावर कोरलेलं आहे त्याला कबरस्थान भुताटकीचं वाटत नाही.

परदेशात कबर नसते. मग फोटो काढा. मुलाला आपल्या पणजीचा फोटो हातात द्या आणि तिच्याबद्दल एक ठसठशीत गोष्ट सांगा: ती विहिरीवरून किती हंडे आणायची, उपासनेत कुठे बसायची, कोणतं गीत तिला तोंडपाठ होतं. भारतात व्हिडिओ कॉल लावून काकांना किंवा मावशीला कबरीपाशी उभं राहून दाखवायला सांगा. प्रॉटेस्टंट घरांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, तिथे उपकारस्तुती करावी. पुनरुत्थानाची आशा दोन्हीकडे एकच आहे.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांसाठी थोडं

गेल्या काही वर्षांत हॅलोविन तिथल्या सोसायट्यांत आणि इंग्रजी शाळांतही आलं आहे. शेजाऱ्यांसाठी ते नवीन असल्यामुळे आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त मोकळीक आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विरोधाचा मेसेज टाकण्याआधी सेक्रेटरींना भेटा आणि त्याच संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी गोष्टी आणि कंदील करण्याचा तास घेतो असं सांगा. सामान आपलं. ज्यांना मुखवटे आवडत नाहीत अशी बिगरख्रिस्ती घरंही मुलांना तिथे पाठवतात. शाळेतल्या दिवसाबद्दल मात्र शिक्षिकांना आधीच विचारा, कारण दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास येते आणि कार्यक्रम पुढे-मागे होतो.

मोठा मुलगा किंवा मुलगी मित्रांबरोबर जायचं म्हणून हटून बसली तर

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं हे होणारच. सरळ बंदी घालण्याआधी कोण जाणार, कुठे आणि घरी कोण मोठं असेल ते विचारा. भुताटकीचे सिनेमे किंवा आत्मे बोलावण्याचा खेळ असेल तर नाही, आणि कारण पुन्हा शांतपणे सांगा. नुसतं चार घरं फिरून पिझ्झा खाणं असेल तर सगळ्या मित्रांना आपल्या घरी बोलवा. पिझ्झा आपला, चहाचं टेबल त्यांच्याकडे. शक्यतो आठवडाभर आधी विचारा, म्हणजे त्यांच्या आईवडिलांना फोन करायला वेळ मिळतो.